पारोळा आणि पारोया

माझं काम बोलण्याचं. धुळ्याच्या बसस्थानकावर मी वाहतूक नियंत्रक आहे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कधी सुटणार आणि कुठून जाणार, हे माईकवरून सांगते आणि रजिस्टरमध्ये लिहिते. तिथे सगळे मला अक्का म्हणतात. घरात सुनंदा. वय बावन्न. यादी केल्याशिवाय मी भाजी आणायलाही जात नाही. माझ्यासारखाच आजार ज्यांच्या घरात आलाय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आजाराची माहिती डॉक्टर देतील. डॉक्टर जे सांगायला विसरतात, तेवढं मी सांगते.

शब्द सापडेना

मंगळवार होता. सकाळची जळगाव गाडी लागली होती. मी माईक हातात घेतला.

"धुळे-जळगाव, मार्गे फागणे, मुकटी..."

आणि पुढचा शब्दच येईना. तो मला दिसत होता. गाव डोळ्यांपुढे होतं, तिथला थांबा होता, पेरूची टोपली घेऊन बसणारी बाईसुद्धा होती. नाव तेवढं नव्हतं. ओठाचा उजवा कोपरा आपोआप थरथरत होता. खालचे प्रवासी भोंग्याकडे वर बघायला लागले.

त्या गाडीचे कंडक्टर भास्करनाना खिडकीशी आले. त्यांना वाटलं, माझी काहीतरी गंमत चाललीय. अहिराणीत म्हणाले,

"पारोया कोठे गया अक्का? कोनी उचली लिधा का काय?"

पारोळा. तेच नाव अडलं होतं. मी हसले नाही तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. गाडी त्यांनी स्वतःच ओरडून भरली. दोनेक मिनिटांत माझी जीभ परत आली. सवयीप्रमाणे मी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: 'उशीर: चार मिनिटं. कारण:' कारणाच्या रकान्यात काय लिहावं हे कळेना. सव्वीस वर्षांच्या नोकरीत उशीर लिहून तो रकाना मी पहिल्यांदा रिकामा सोडला.

पहिला सल्ला इथेच देते. बोलता बोलता शब्द असा अडला, तोंडाची एक बाजू थरथरली, तर 'थकवा असेल' म्हणून घरी जाऊन झोपू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. मी दुसऱ्या दिवशी गेले, तेही भास्करनानांनी माझ्या घरी फोन केला म्हणून.

तेल

डॉक्टरांनी आधी ईईजी सांगितली. डोक्यावर वायरी चिकटवून मेंदूतली विजेची हालचाल कागदावर उतरवतात ती. माझे यजमान वसंतराव शाळेत मराठी शिकवतात. त्यांनी घाबरून आदल्या दिवशी माझ्या डोक्यावर वाटीभर तेल थापलं. म्हणे, डोकं शांत राहील.

तपासणीवाल्या ताई एक वायर चिकटवायच्या, दुसरी घसरायची. तिसरी लावेपर्यंत पहिली माझ्या कानावर.

"ताई, हे डोकं आहे की कढई? घरी जा, दोनदा शांपू करून या."

दुसऱ्या दिवशी जमलं. कागदावर डाव्या बाजूच्या रेघा उसळलेल्या दिसल्या. गडबड आहे एवढं कळलं. नेमकी कुठे, ते कळेना. त्यासाठी एमआरआय. धुळ्यात नंबर चार दिवसांनी लागत होता, जळगावला दुसऱ्याच दिवशी. म्हणून भास्करनानांच्याच गाडीत बसून गेलो. नानांनी आम्हाला पुढची सीट राखून ठेवली होती आणि पारोळ्याला थांबल्यावर मागे वळून मोठ्याने म्हणाले, "पारोया आठेच शे अक्का. पक्की खात्री करी ल्या." गाडीतली माणसं माझ्याकडे बघायला लागली. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा हसले.

जोडवी

एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही. बांगड्या निघाल्या, मंगळसूत्र निघालं, जोडवी निघेनात. लग्नात चढलेली ती कधी उतरलीच नव्हती. वसंतराव खाली बसून ओढायला लागले तर मीच ओरडले. शेवटी झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या, माझा पाय मांडीवर घेतला, साबण लावला आणि दोन मिनिटांत दोन्ही काढून वसंतरावांच्या हातात दिली. म्हणाल्या, "साहेब, ओढायचं नसतं. फिरवायचं असतं." अशी माणसं भेटतात. त्यांची नावं विचारून ठेवा. मी विचारलं नाही, अजून चुटपुट लागते.

मशीनचा आवाज भयंकर असतो. आधी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. चढावर अडकलेली जुनी गाडी, वर पत्र्यावर कोणीतरी हातोडे मारतंय, असा. कानात बोळे देतात ते नीट बसवून घ्या. मी डोळे मिटून थांबे मोजले. धुळ्याहून जळगाव, जळगावहून धुळे. चार फेऱ्यांत मशीन बंद झालं.

संध्याकाळी तिथल्या डॉक्टरांनी चित्र दिव्यासमोर धरलं. गाठ. डावीकडे. बोलण्याचा कारभार जिथून चालतो त्या भागाला चिकटून. काढावी लागेल. काढताना बोलणं जाऊ शकतं. बोलणं जपायला गाठ आत ठेवली, तर ती वाढेल.

वसंतराव माझ्याकडे बघेनात. मी पर्समधून वही काढली आणि विचारलं, "डॉक्टर, नाशिकला कोणाला दाखवू? नाव सांगा, लिहून घेते." ओळ वाकडी गेली. पण अक्षर वाचता येत होतं.

घरातली भांडणं

परतीच्या वाटेवर मी दोन याद्या केल्या. कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही. दुसऱ्या यादीत एकच नाव होतं: माझी आई. ती पाचोऱ्याजवळ गावी असते, सत्त्याहत्तर वर्षांची. घरी पोचल्यावर कळलं, वाटेत एका थांब्यावर उतरून वसंतरावांनी तिलाच फोन केला होता.

मी चिडले. "माझी यादी वाचता येत नव्हती का?"

"येत होती. पटली नाही."

आम्ही दोन दिवस बोललो नाही. आता वाटतं, बोलणं जाणार आहे म्हणून रडणारी बाई दोन दिवस मुद्दाम गप्प बसली, यापेक्षा मूर्खपणा नाही. पण आजारात घर असंच वागतं. भीतीला दुसरं कोणी सापडत नाही, मग ती घरच्याच माणसावर निघते. हे होणार असं धरून चला आणि लवकर मिटवा.

आईने फोनवर एवढंच म्हटलं, "बठ्ठं बरं व्हई. तू बोलत ऱ्हाय, मी आयकस."

आईशी मी अहिराणीतच बोलते; बठ्ठं म्हणजे सगळं. आमच्या बोलीत ळ नाही, त्याचा य होतो. डोळ्याला डोया, शाळेला शाया, जळगावला जयगाव. लग्नानंतर वसंतरावांनी माझा ळ घडवायला घेतला. चहा पितानासुद्धा म्हणायचे, "जीभ मागे वळव. ळ!" माईकची नोकरी लागली तेव्हा मी तो पक्का केला. धुळे, पारोळा, पाळधी, जळगाव: माझी सगळी गावं ळ-ची. त्या ळ-चा मला अभिमान होता.

चूक

नाशिकच्या सर्जननी समजावलं की शस्त्रक्रिया अर्ध्या जागेपणी होईल. कवटी उघडताना झोपवतील, मग उठवतील. मेंदूला स्वतःला दुखत नाही. ते एकेका जागेवर अगदी हलका विजेचा झटका देतील, त्या क्षणी मी चित्रं ओळखायची. झटका दिल्यावर बोलणं अडलं, तर ती जागा बोलण्याची. ती सोडायची. मग गाठ काढत असतानाही मी बोलत राहायचं. बोलण्यात चूक यायला लागली की ते हात थांबवणार.

त्याआधी एक वेगळा एमआरआय झाला. त्यात पडून राहायचं आणि चित्र दिसलं की मनातल्या मनात शब्द म्हणायचे. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिथे रक्त जास्त धावतं आणि पडद्यावर ठिपके उमटतात. हे सगळं शास्त्रज्ञांनी मेंदूचा अभ्यास करायला शोधलं आणि आता माझ्यासारख्यांच्या कामी येतं.

मला ते माझ्या पद्धतीने समजलं. ईईजी म्हणजे स्थानकाच्या भिंतीबाहेर उभं राहून गलका ऐकणं. गोंधळ कधी झाला ते लगेच कळतं, कुठल्या फलाटावर ते नीट कळत नाही. साधा एमआरआय म्हणजे स्थानकाचा नकाशा. दुसरा एमआरआय म्हणजे गर्दी कुठे जमते ते बघणं. आणि तो हलका झटका म्हणजे एक फलाट क्षणभर बंद करून कुठली गाडी अडते ते पाहणं. गर्दी दिसली म्हणून तो फलाट गरजेचाच असं नाही. बंद करून पाहिल्याशिवाय खात्री नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सरावाची परीक्षा झाली. केतकी मॅडम म्हणून वाचा-उपचारतज्ज्ञ होत्या, पुण्याच्या, तिशीच्या, फार गोड स्वभावाच्या. त्या चित्र दाखवायच्या, मी नाव सांगायचं. मी भराभर सांगत गेले. मला वाटलं, पैकीच्या पैकी.

त्यांचा चेहरा मात्र उतरत चालला. शेवटी त्या वसंतरावांकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "सर, बोलण्यावर परिणाम दिसतोय. ळ-च्या जागी सतत य येतोय. केळं म्हणता येत नाहीये, डोळा म्हणता येत नाहीये. आणि इथे आई आणि मुलाचं चित्र होतं, तर त्या 'अंडं' म्हणाल्या."

मी गारठले. मी य म्हणाले होते? मला ऐकूही आलं नव्हतं. सव्वीस वर्षं घडवलेला ळ भीतीने कधी गळून पडला, कळलंच नाही.

वसंतराव खुर्चीवरून उठले. मला वाटलं, आता म्हणतील, 'बघ, सांगत होतो ना.' ते म्हणाले, "मॅडम, तो आजार नाही. ते तिचं माहेर आहे."

केतकी मॅडमनी हातातला कागद पुन्हा पाहिला.

"आणि अंडं नाही, आंडोर. आंडोर म्हणजे मुलगा. चित्रात मुलगाच आहे ना? मग उत्तर बरोबर आहे."

ज्या माणसाने मला चहाच्या कपावर ळ शिकवला, तो माझ्या य-साठी भांडत होता. मला रडू आलं. मग लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली आणि रडू थांबलं.

"मॅडम," मी विचारलं, "उद्या मी आत असं बोलले असते, तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तर मी चूक म्हणून सांगितलं असतं. सर थांबले असते."

"आणि गाठ?"

"तिथपर्यंतच निघाली असती."

मी वही मागवली.

दुसरा रकाना

त्या दुपारी आम्ही तिघं दवाखान्याच्या पलंगावर बसून यादी करत होतो. डावीकडे चित्राचं नाव, उजवीकडे मी काय म्हणू शकते ते. केळं: केयं. कावळा: कावया. मुलगा: आंडोर. वसंतराव अक्षर काढत होते, मी सांगत होते आणि केतकी मॅडम प्रत्येक शब्द स्वतः म्हणून बघत होत्या.

"कावया."

"असं नका म्हणू, कावळा लाजेल. थोडं ओढून."

"कावयाऽ."

"आता माहेरी यायला हरकत नाही," मी म्हटलं.

एक अडचण राहिली. आंडेर म्हणजे मुलगी, आणि आंडोर, आंडेर, मॅडमना दोन्ही सारखंच ऐकू यायचं. मग ठरलं, मुलीचं चित्रच काढून टाकायचं. संमतीच्या कागदावर 'मातृभाषा: मराठी' आधीच कोणीतरी भरून ठेवलं होतं. मी ते खोडून 'अहिराणी' लिहिलं आणि बाजूला सही केली. माझ्या मेंदूची नोंद अभ्यासासाठी वापरायची आहे का, असंही विचारलं होतं. मी हो म्हटलं. एकच अट घातली, मातृभाषेचा रकाना बरोबर लिहायचा.

जागेपणी शस्त्रक्रिया असेल त्यांना माझं कळकळीचं सांगणं: आदल्या दिवशी तुम्ही घरात कसं बोलता ते परीक्षा घेणाऱ्या माणसाला सांगा. लाजू नका. घरची बोली लपवायची ही जागा नाही.

आत

जाग आली तेव्हा समोर निळा पडदा, मी उजव्या कुशीवर आणि केतकी मॅडमचे डोळे. बाकीचा चेहरा मास्कमागे. डोकं घट्ट धरलेलं. दुखत नव्हतं. तहान मात्र फार लागली होती. त्यांनी ओठांवर ओला कापूस फिरवला.

चित्रं सुरू झाली. झाड. छत्री. मासा. मग केळं दिसलं आणि काहीच आलं नाही. ना केळं, ना केयं. दोन्ही रकाने कोरे. मंगळवारची ती भीती तशीच्या तशी परत आली.

"अडलं," केतकी मॅडम म्हणाल्या. पडद्यामागून सर्जन शांतपणे म्हणाले, "छान. ही जागा आपली. इथे हात लावायचा नाही." तिथे त्यांनी आकडा लिहिलेली बारीक चिठ्ठी ठेवली, असं नंतर कळलं. माझ्या मेंदूवर कोणीतरी फलाटांचे नंबर टाकत होतं. मला बरं वाटलं.

एका जागेवर गंमत झाली. आई-मुलाचं चित्र आलं. 'मुलगा' येईना, कितीही ढकलला तरी. आणि 'आंडोर' टपकन बाहेर आला. सर्जननी दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा तेच. "हीपण सोडू," ते म्हणाले. "दोन्ही भाषा घरात राहू देत." आत सगळे हसले. मीही.

मग गाठ काढायला सुरुवात झाली. केतकी मॅडम म्हणाल्या, "ताई, आता सलग बोलायचं. तुमची गाडी सोडा."

मी गाडी सोडली. धुळे. फागणे. मुकटी. प्रत्येक थांब्यावर कोण चढतं, कोण उतरतं, कुठे सीताफळं मिळतात, सगळं सांगत गेले.

"कुठे पोचलो?" पडद्यामागून विचारणा.

"पारोळा, डॉक्टर."

"मीही तिथेच आहे जवळपास. चालू द्या."

एरंडोल झालं. मी दमत चालले होते. जीभ जड झाली होती. आणि पुढचं गाव तोंडातून निघालं ते असं, "पायधी."

पडद्यामागे हालचाल थांबली. "चूक? थांबू?"

केतकी मॅडमनी मांडीवरच्या कागदाकडे पाहिलंही नाही.

"थांबू नका सर. दुसरा रकाना आहे. बरोबर उत्तर आहे."

"नक्की?"

"नक्की सर. पायधी म्हणजे पाळधी. पुढे काय, ताई?"

"जयगाव," मी म्हटलं. "जयगाव उना."

"जळगाव आलं, सर," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने सर्जन म्हणाले, "माझंही आलं."

दोन दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलणं नव्हतं. सूज असते, परत येईल, असं सगळे सांगत होते. वसंतराव ऐकल्यासारखं करत होते आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहत होते. मला सगळं समजत होतं. उत्तर देता येत नव्हतं. हा काळ येतो. तो आधी माहीत असेल तर सोसतो, म्हणून लिहिते.

तिसऱ्या दिवशी आई आली, आधी आमच्या धुळ्याच्या घरी मुक्काम करून. न सांगायच्या यादीतली आई. तिने माझ्या पट्ट्या बांधलेल्या डोक्याकडे नीट बघून घेतलं, स्टुलावर बसली आणि आजाराविषयी एक शब्द न काढता घरातल्या तक्रारी सुरू केल्या. जावयाला चहाही नीट करता येत नाही. साखर कुठे, मीठ कुठे, पत्ता नाही.

"बिबडास्ना डबा कोठे शे व तुना घरमा? बठ्ठं घर धुंडं."

बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. तो डबा मी कुठे ठेवते हे घरात मी सोडून कोणालाच माहीत नाही. आणि वस्तू जागेवर असूनही माणसांना दिसत नाही, याचा मला फार राग येतो.

"वरली फयीवर," मी म्हटलं. "निया झाकनना."

आईने वसंतरावांकडे पाहिलं. "दखा. मी काय सांगेल व्हतं?"

मराठीचे शिक्षक स्टुलाशेजारी खाली बसले. माझा हात धरून म्हणाले, "फयीवर. फयीवरच, सुनंदा. एकदम शुद्ध."

ळ परत यायला आणखी तीन आठवडे लागले. केतकी मॅडम फोनवर सराव घ्यायच्या, वसंतराव चहाच्या कपावर.

कारण

सर्जन कधीच 'संपली' म्हणत नाहीत. दिसणारी गाठ सगळी निघाली, असं म्हणतात. दर सहा महिन्यांनी एमआरआय आहे, गोळ्या आहेत. माझ्या यादीत त्या सगळ्याला जागा आहे. ते असंही म्हणाले, "तुमच्या पाळधीला मी थांबलो असतो, तर शेवटचा तुकडा आत राहिला असता." आमची दोन रकान्यांची यादी केतकी मॅडमनी टाइप करून घेतलीय. खानदेशातून कोणी आलं की ती आधी बाहेर निघते. मुलीचं चित्रही परत आलंय. आता त्यांना आंडोर आणि आंडेर वेगळं ऐकू येतं.

चार महिन्यांनी मी कामावर हजर झाले. तीच खिडकी, तीच सकाळची गाडी. भास्करनाना खाली मुद्दाम तिकीट मशीनशी चाळा करत उभे होते, वर बघत नव्हते. वसंतराव शाळेला उशीर करून फलाटावर थांबले होते.

मी माईक घेतला. जीभ मागे वळवली.

"धुळे-जळगाव, मार्गे फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी. गाडी फलाटावर लागलेली आहे."

एकही ळ अडला नाही. वसंतरावांनी खालून मान हलवली, वर्गात पहिल्या आलेल्या मुलाकडे बघून हलवतात तशी. मी माईक खाली ठेवणार होते. ठेवला नाही.

"धुये-जयगाव, पारोया, पायधीवरथून. गाडी लागेल शे. बठ्ठा बसी घ्या."

फलाटावर क्षणभर सगळे वर बघायला लागले, मग हशा पिकला. टोपली घेऊन चढणारी एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आपली शे व ही!" भास्करनानांनी गाडीत चढून दोन घंट्या मारल्या.

मी रजिस्टर ओढलं. धुळे-जळगाव. उशीर: नाही. कारणाचा रकाना परत रिकामाच राहिला. या वेळी त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं.